मराठी माध्यमातल्या मुलांचा इंग्रजी रेझ्युमे: शिक्षकांकडून वारंवार येणारे प्रश्न

आयटीआय, पदविका आणि पदवी महाविद्यालयांतले शिक्षक व प्लेसमेंट समन्वयक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. बहुतेक प्रश्न बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांबद्दल आहेत. या मुलांचे रेझ्युमे फिके पडतात ते इंग्रजी कच्चे असल्यामुळे, असा सर्वसाधारण समज आहे. आम्हाला तो पटत नाही. बहुतेक वेळा आधी माहितीच कच्ची असते, आणि ती सुधारली की इंग्रजीचे काम निम्म्यावर येते.

१. बायोडेटा, रेझ्युमे आणि सीव्ही: मुलांकडून नेमकं काय करून घ्यायचं?

कॅम्पस मुलाखतीसाठी आणि खाजगी नोकरीसाठी एका पानाचा रेझ्युमे. जाहिरातीत सीव्ही म्हटले असले तरी भारतातल्या कंपन्यांना फ्रेशरकडून तेच हवे असते. प्राध्यापकपद किंवा संशोधनासाठीचा सीव्ही वेगळा आणि लांब असतो, त्यात शोधनिबंध आणि परिषदांची यादी येते. बायोडेटात जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय, जात, उंची असा तपशील असतो आणि त्यातले जवळजवळ काहीच इथे लागत नाही (प्रश्न १० पहा). एमपीएससी, जिल्हा परिषद, बँक भरती यांना ऑनलाइन अर्ज भरावा लागतो, तिथे रेझ्युमे चालत नाही.

२. कोरा कागद समोर ठेवला की मुलं थांबतात. सुरुवात कुठून करू?

मराठीतून. पहिल्या तासाला इंग्रजी लिहूच देऊ नका. प्रत्येकाला दोन कोरी पाने द्या आणि गेल्या चार-पाच वर्षांत केलेले प्रत्येक काम मराठीत लिहायला सांगा: प्रोजेक्ट, इंटर्नशिप, सुट्टीतले काम, घरचा व्यवसाय, मंडळ, शिबिर. मग प्रत्येक कामाखाली पाच प्रश्नांची उत्तरे हवीत. नेमके काय केले? कशाने केले (यंत्र, सॉफ्टवेअर, उपकरण)? किती केले? किती दिवस, किती जणांसोबत? आणि त्याने काय बदलले?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि मुले हमखास तोच टाळतात. ‘वर्कशॉपमध्ये काम शिकलो’ एवढेच लिहिणाऱ्या मुलाला विचारा, की लेथवर किती जॉब केले, कोणत्या मापाचे, टॉलरन्स किती होता. उत्तर त्याच्याकडे असते, ते लिहिण्यासारखे आहे हे मात्र त्याला कुणी सांगितलेले नसते. आकडा आठवत नसेल तर वही, जर्नल, हजेरीपत्रक काढायला लावा. अंदाज चालेल, पण ‘सुमारे’ असे लिहून. हा तास घाईत उरकला तर पुढचे सगळे तास व्याकरण दुरुस्त करण्यात जातात आणि रेझ्युमे पोकळच राहतो.

३. मुलगी म्हणते, ‘सर, माझ्याकडे लिहिण्यासारखं काहीच नाही.’ शेतकरी कुटुंबातली आहे, इंटर्नशिप झालेली नाही.

तिला ‘अनुभव’ विचारू नका, तिचा दिवस विचारा. पहाटे गावच्या दूध संकलन केंद्रावर बसते का? मग ती रोज फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) मोजते, नोंद करते, पावती देते. इंग्रजीत ते असे येईल: ‘टेस्टेड मिल्क फ्रॉम अबाउट ८० फार्मर्स अ डे फॉर फॅट अँड एसएनएफ, एन्टर्ड रीडिंग्ज अँड प्रिंटेड पेमेंट स्लिप्स.’ गुणवत्ता तपासणी, डेटा एंट्री आणि लोकांशी रोजचा व्यवहार, तिन्ही गोष्टी एका ओळीत आल्या.

किराणा दुकानात बसणाऱ्या मुलाला माल मागवणे, उधारीची वही आणि जीएसटीची बिले ठाऊक असतात. कांदा चाळीत भरून भाव बघून विकणाऱ्या घरातल्या मुलाला साठवणुकीतली घट आणि बाजार समितीतले वजन-कपातीचे हिशेब कळतात. यातले जे मुलाने स्वतः केले तेवढेच लिहायचे, वडिलांनी केलेले नाही. शीर्षक ‘वर्क एक्स्पीरियन्स’ देता येते, ‘फॅमिली फार्म’ किंवा ‘फॅमिली शॉप’ असे ठिकाण स्पष्ट लिहिले की कुणाची दिशाभूल होत नाही. पदाचे नाव मात्र फुगवू नका. दुकानात मदत करणारा मुलगा ‘ऑपरेशन्स मॅनेजर’ होत नाही.

लाज हा इथला खरा अडथळा आहे. वर्गात मोठ्याने विचारले तर मुले घरचे काम सांगत नाहीत, म्हणून प्रश्न २ मधला तास लेखी घ्यावा.

४. एक पान की दोन? फॉन्ट, समास काय ठेवायचा?

फ्रेशरला एकच पान. ए४ आकार, चारही बाजूंनी सुमारे २ सेंटिमीटर समास, कॅलिब्री किंवा एरियल, मजकूर १०.५ ते ११ पॉइंट, नाव १६ च्या आसपास. एकच रंग, काळा. पान भरत नसेल तर फॉन्ट मोठा करू नका, प्रश्न २ कडे परत जा. पान ओसंडत असेल तर आधी छंद कापा, मग दहावीचे तपशील एका ओळीत आणा.

५. नाव कसं लिहायचं? दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येतं.

महाराष्ट्र मंडळाच्या प्रमाणपत्रावर आडनाव, नाव, वडिलांचे नाव असा क्रम असतो. रेझ्युमेवर नाव, मधले नाव, आडनाव असा क्रम ठेवा, पण स्पेलिंग अक्षरन् अक्षर प्रमाणपत्राप्रमाणेच हवे. नोकरी मिळाल्यावर कागदपत्रांची पडताळणी होते आणि एका जास्तीच्या ‘ए’मुळेही खुलासा द्यावा लागतो. आधार, पॅन आणि दहावीचे प्रमाणपत्र यांत फरक असेल तर तो शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच दुरुस्त करायला सांगा, ऑफर आल्यावर नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी सध्याचे कायदेशीर नाव वर लिहावे, राजपत्राची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्र फाइलमध्ये ठेवावे. रेझ्युमेवर दोन नावे लिहायची गरज नाही.

नावाखाली एका ओळीत शहर, मोबाइल आणि ईमेल. पूर्ण पत्ता नको. ईमेलचा पत्ता नाव-आडनावाचा असावा, ‘रॉयल’, ‘किंग’, ‘दादा’ असे काही त्यात नसावे. आधार, पॅन आणि पासपोर्टचे क्रमांक रेझ्युमेवर कधीही नकोत. ती फाइल कुणाकुणाकडे जाते हे आपल्या हातात राहत नाही.

६. ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ ठेवायचं का?

‘टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट’ने सुरू होणारे वाक्य काढून टाका. ते प्रत्येक रेझ्युमेवर असते, म्हणून कुणी वाचत नाही. त्या जागी हवा असेल तर दोन ओळींचा सारांश: शिक्षण, दोन नेमकी कौशल्ये, कोणते काम हवे आहे. लिहिण्यासारखे नसेल तर जागा रिकामी न सोडता थेट शिक्षणाकडे जा.

७. गुण कसे लिहायचे? सीजीपीएला दहाने गुणलं तर चालेल का?

नाही. रूपांतराचे सूत्र विद्यापीठागणिक वेगळे असते आणि ते गुणपत्रकावर किंवा विद्यापीठाच्या परिपत्रकात मिळते. काही ठिकाणी सीजीपीएतून ०.७५ वजा करून १० ने गुणतात. तिथे ७.५ चे ६७.५ टक्के होतात, ७५ नाही. हा फरक पडताळणीत खोटेपणा म्हणून दिसतो. म्हणून गुणपत्रकावर आहे तेच, ‘सीजीपीए ७.५ आउट ऑफ १०’ असे लिहा आणि टक्केवारी मागितली तरच सूत्राने काढून द्या.

क्रम ताज्यापासून जुन्याकडे: पदवी, मग बारावी किंवा पदविका, मग दहावी. दहावीनंतर पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलाने बारावीची ओळच ठेवू नये, तिथे डॅश मारलेला पाहून वाचणारा गोंधळतो. मंडळाचे पूर्ण नाव लिहा. महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला एमएसबीटीई (महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ) ही अक्षरे ओळखीची असतीलच असे नाही.

कमी गुण लपवता येत नाहीत. अनेक कंपन्या दहावीपासून सलग ६० टक्क्यांची अट ठेवतात आणि ती ऑनलाइन अर्जातच तपासली जाते. अशा मुलाने शिक्षण खाली ठेवून प्रोजेक्ट आणि कामाचा अनुभव वर घ्यावा. एटीकेटी (राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जाणे) रेझ्युमेवर लिहायची नाही, पण अर्जात ‘ॲक्टिव्ह बॅकलॉग’ विचारले तर खरा आकडा द्यायचाच.

८. प्रोजेक्ट चार जणांचा होता. एकाने काय लिहायचं?

स्वतःचा वाटा. पहिल्या ओळीत प्रोजेक्टचे नाव, महिना-वर्ष आणि ‘टीम ऑफ फोर’. खाली दोन किंवा तीन ओळी, त्यात या मुलाने काय केले आणि निकाल काय आला. ‘सोलर ड्रायर’ या विषयावरच्या मुलाने अशी ओळ लिहिली तर ती चांगली: ‘बिल्ट द ट्रे फ्रेम इन माइल्ड स्टील अँड लॉग्ड टेम्परेचर एव्हरी ३० मिनिट्स ओव्हर सिक्स डेज, मॉइश्चर इन टोमॅटो स्लाइसेस फेल फ्रॉम ९४ टू १२ परसेंट.’ आकडे अर्थातच त्याच्या जर्नलमधले हवेत.

सौर ऊर्जेचे महत्त्व, जागतिक तापमानवाढ ही प्रस्तावना प्रोजेक्ट अहवालात शोभते. इथे ती एक ओळ खाते आणि मुलाबद्दल काहीच सांगत नाही.

तयार प्रोजेक्ट विकत घेतलेले असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, मुलाखत घेणाऱ्यांनाही. ‘हाच मायक्रोकंट्रोलर का निवडला?’ या एका प्रश्नात ते उघडे पडते. अशा मुलाला रागावण्यापेक्षा आठवडाभर द्या. मॉडेल उघडून, प्रत्येक भाग समजून घेऊन, एखादी गोष्ट स्वतः बदलून बघू दे. मग तो बदल, आणि तेवढाच, स्वतःचे काम म्हणून लिहू दे.

९. आता इंग्रजी. मराठीतून विचार करणाऱ्या मुलांच्या नेमक्या कोणत्या चुका होतात?

पहिली, काळाची. ‘केले आहे’ डोक्यात असते, म्हणून ‘हॅव कम्प्लिटेड इन २०२४’ लिहिले जाते. साल दिले की साधा भूतकाळ हवा: ‘कम्प्लिटेड इन २०२४’. आजही चालू असलेल्या कामालाच वर्तमानकाळ.

दुसरी, कर्मणी प्रयोगाची. ‘आमच्याकडून चाचणी घेण्यात आली’ हे मराठी अहवालाचे वळण इंग्रजीत ‘टेस्टिंग वॉज डन बाय अस’ होऊन येते. रेझ्युमेतली ओळ क्रियापदानेच सुरू व्हावी, ‘आय’ किंवा ‘वुई’ न लिहिता: ‘टेस्टेड’, ‘मेझर्ड’, ‘रिपेअर्ड’, ‘ड्राफ्टेड’, ‘ट्रेन्ड’. ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ने सुरू होणारी ओळ जबाबदारी सांगते, काम सांगत नाही. प्रत्येक मुलाला त्याच्या शाखेची पंधरा क्रियापदे पाठ करून द्या, शंभर क्रियापदांची छापील यादी देऊ नका. यादी दिली की एसी दुरुस्त करणारा मुलगा ‘ऑर्केस्ट्रेटेड’ लिहितो.

तिसरी, अनेकवचनाची. ‘इक्विपमेंट’, ‘सॉफ्टवेअर’, ‘हार्डवेअर’, ‘मशिनरी’ यांना शेवटी ‘एस’ लागत नाही. ‘वन ऑफ द’नंतर मात्र अनेकवचन लागते.

आर्टिकल मराठीत नाहीत, म्हणून ती सतत चुकतात. इथे सुदैवाने सोय आहे: रेझ्युमेच्या तुटक ओळींत ‘अ’ आणि ‘द’ गाळलेली चालतात, फक्त सगळीकडे गाळा किंवा सगळीकडे ठेवा. वरच्या नमुन्यांत आम्ही ती ठेवली आहेत.

‘पास्ड आउट’ऐवजी ‘ग्रॅज्युएटेड’ लिहा, परदेशातल्या वाचकाला पहिल्याचा अर्थ शुद्ध हरपणे असा लागतो. ‘लीड’चा भूतकाळ लिहिताना मधले ‘ए’ अक्षर जाते. ते राहिले तर स्पेलचेक पकडत नाही, कारण तोही एक खरा शब्द आहे. ‘मेंटेनन्स’चे स्पेलिंग ‘मेंटेन’वरून ओढून ताणून लिहिले जाते, ते फळ्यावर एकदा लिहून दाखवा. आणि तारखेत महिना अक्षरांत. ०५/०६/२०२४ ही भारतात ५ जून आणि अमेरिकेत ६ मे वाचली जाते.

१०. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, जात, शेवटी डिक्लरेशन: यातलं काय ठेवायचं?

खाजगी कंपनीसाठी यातले काहीही नाही. जातीचा दाखला आरक्षित पदाच्या अर्जासोबत लागतो, तिथे तो वेगळा जोडला जातो. ‘आय हिअरबाय डिक्लेअर’, स्थळ, दिनांक आणि सही यांनी चार ओळी जातात आणि त्यांचा उपयोग शून्य. अपवाद: कंपनीने किंवा तुमच्या महाविद्यालयाने ठरावीक नमुना दिला असेल तर तो जसाच्या तसा भरा, वाद घालू नका. परदेशासाठी प्रश्न १६ पहा.

११. एमएस-सीआयटी, टायपिंग, सॉफ्टवेअर: कौशल्यांत काय लिहावं?

ज्या कामात त्याचा उपयोग आहे ते. कार्यालयीन कामासाठी शासनाचे टायपिंग प्रमाणपत्र वेगासकट लिहा, उदाहरणार्थ मराठी ३०, इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट. एमएस-सीआयटी एका ओळीत पुरे. संगणक अभियांत्रिकीच्या मुलाने ती ओळ काढून टाकावी. ‘एक्सेल’ एवढेच न लिहिता काय येते ते लिहा: व्हीलुकअप, पिव्हट टेबल. टक्केवारीच्या पट्ट्या आणि तारे नकोत. जावा ८० टक्के येते म्हणजे किती येते, हे कुणालाच सांगता येत नाही. ‘हार्डवर्किंग’, ‘ऑनेस्ट’ हेही कौशल्य नव्हे, ते कामाच्या ओळींतून दिसू दे.

१२. एनएसएस, गणेश मंडळ, एकांकिका यांना काही किंमत आहे का?

आहे, पण बाहेरच्या वाचकाला कळेल असे लिहिले तर. ‘एनएसएस व्हॉलंटिअर’ ही ओळ हजारोंकडे असते. सात दिवसांच्या विशेष शिबिरात गावात काय केले ते लिहा: किती मीटर चर खणले, किती घरांचे सर्वेक्षण केले. मंडळात वर्गणीचा हिशेब सांभाळला असेल तर एकूण रक्कम आणि पावत्या. लेखापरीक्षण झाले असेल तर तेही. पुरुषोत्तम करंडकाचे वजन पुण्यात सांगावे लागत नाही, बेंगळुरूच्या एचआरला मात्र ते ‘इंटरकॉलेजिएट मराठी वन-ॲक्ट प्ले कॉम्पिटिशन, पुणे, रनिंग सिन्स १९६३’ असे सांगावे लागते. ढोल-ताशा पथकात फक्त वाजवले असेल तर छंद, सरावाचे वेळापत्रक आणि साठ जणांची ने-आण बघितली असेल तर अनुभव.

१३. संगणकच रेझ्युमे नाकारतो असं ऐकलं. खरं आहे का?

मोठ्या कंपन्या रेझ्युमे आधी सॉफ्टवेअरमध्ये भरतात, ते मजकूर वाचून रकाने भरते. दोन स्तंभांचे रंगीत टेम्पलेट, टेबल, टेक्स्ट बॉक्स, चिन्हे यांत मजकुराची सरमिसळ होते. फोन नंबर हेडरमध्ये टाकला तर कधी कधी तो वाचलाच जात नाही. तपासायची सोपी पद्धत: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे ओळी वर-खाली झाल्या असतील तर सॉफ्टवेअरलाही तसेच दिसणार. काहीच चिकटले नाही तर ती पीडीएफ म्हणजे मोबाइलने काढलेला कागदाचा फोटो आहे. वर्डमधून ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ करा. फाइलला नाव द्या: नाव, आडनाव, पद. ‘रेझ्युमे फायनल न्यू २’ नको.

जाहिरातीतले शब्द पांढऱ्या रंगात लपवण्याची युक्ती मुले कुठूनतरी शिकून येतात. वरच्या नोटपॅड चाचणीत ते शब्द लगेच दिसतात, तसेच ते कंपनीलाही दिसतात.

१४. मुलं एआयकडून लिहून आणतात. बंदी घालू का?

बंदी टिकणार नाही. क्रम बदला. प्रश्न २ मधली मराठी पाने तुमच्याकडे जमा झाल्याशिवाय एआय नाही. मग त्याला एवढेच सांगायचे: या माहितीवरून ओळी लिही, नवीन काही घालू नकोस, साधे शब्द वापर. आलेली प्रत्येक ओळ मुलाने मोठ्याने वाचायची आणि शेजाऱ्याने तिच्यावर दोन प्रश्न विचारायचे. उत्तर देता आले नाही तर ओळ बाद. ‘लेव्हरेज्ड’, ‘स्पिअरहेडेड’ आणि कुठून आले ते ठाऊक नसलेले ‘३० परसेंट इम्प्रूव्हमेंट’ या चाचणीत गळून पडतात.

१५. पदवीनंतर तीन वर्षं एमपीएससीची तयारी केली. हा खंड कसा दाखवायचा?

उघडपणे, एका नोंदीत: ‘फुल-टाइम प्रिपरेशन, एमपीएससी स्टेट सर्व्हिसेस’, कधीपासून कधीपर्यंत, आणि कुठला टप्पा पार केला असेल तर त्याचे वर्ष. पार केला नसेल तर टप्प्याबद्दल गप्प राहा, ‘नियरली क्वालिफाइड’ लिहू नका. त्या काळात अभ्यासिकेत शिकवण्या घेतल्या, उत्तरपत्रिका तपासल्या, घरचा व्यवसाय बघितला असेल तर ते वेगळ्या ओळीत, प्रश्न ३ प्रमाणे. महिने गाळून फक्त वर्षे लिहिल्याने खंड लपत नाही, संशय मात्र वाढतो. शिवाय तीन वर्षांपूर्वीच्या पदवीला ताज्या कौशल्याची जोड हवी. एखादा छोटा कोर्स, अप्रेंटिसशिप किंवा स्वतः केलेले काम नोंदीच्या वर असेल तर वाचणाऱ्याची नजर आधी तिकडे जाते.

१६. परदेशातल्या किंवा जहाजावरच्या नोकरीसाठी तोच रेझ्युमे चालेल?

मजकूर तोच, चौकट बदलते. अमेरिकेसाठी लेटर आकार, म्हणजे ८.५ बाय ११ इंच, आणि फोटो, वय, वैवाहिक स्थिती यांपैकी काही नाही. जर्मनीत फोटो लावण्याची पद्धत अजून आहे, पण सक्ती नाही. आखाती देशांत राष्ट्रीयत्व, व्हिसाची स्थिती आणि पासपोर्टची मुदत बहुधा विचारतात. लाख-कोटींचे आकडे मिलियनमध्ये बदला. गोवा आणि कोकणातली मुले जहाजावर जातात, त्यांच्या रेझ्युमेत सीडीसी (खलाशाचे अधिकृत ओळखपत्र व नोंदपुस्तिका) आहे की नाही आणि एसटीसीडब्ल्यू (खलाशांच्या प्रशिक्षणाचे आंतरराष्ट्रीय मानक) कोर्सेसची नावे मुदतीसह वरच्या भागात हवीत. या कागदपत्रांचे क्रमांक मात्र खात्रीच्या एजंटला किंवा कंपनीला, मागितल्यावरच द्यावेत.

१७. साठ मुलांचे रेझ्युमे एकटी कशी तपासू?

स्वतः लिहून देऊ नका. तुमच्या सुंदर वाक्यामुळे मुलाखतीत मूलच अडकते. चार तास ठेवा: मराठी माहिती, इंग्रजी ओळी, जोडीने तपासणी, अंतिम प्रत. तिसऱ्या तासाला छापील प्रती अदलाबदल करा. जोडीदाराने ३० सेकंद वाचायचे, कागद पालथा घालायचा आणि आठवले ते सांगायचे. जे आठवले नाही ते खाली दडले आहे किंवा धूसर आहे. तुमच्याकडे येणाऱ्या प्रतीवर फक्त तीन खुणा करा: ‘किती?’, ‘कसे?’ आणि व्याकरणाची चूक असलेल्या ओळीखाली रेघ. चूक कोणती ते मुलाने शोधायचे. अशा प्रतीला तीन-चार मिनिटे पुरतात.

१८. एका विद्यार्थ्याला अपंगत्व आहे. रेझ्युमेवर लिहायला सांगू का?

हा निर्णय त्याचा आहे, तुम्ही फक्त परिणाम समजावून सांगा. लिहिण्याचे बंधन नाही. कंपनीने अपंग उमेदवारांसाठी पदे राखली असतील किंवा लेखी परीक्षेला लेखनिक, जादा वेळ, तळमजल्यावरची खोली लागणार असेल तर आधी कळवणे फायद्याचे. ते रेझ्युमेपेक्षा अर्जातल्या रकान्यात किंवा सोबतच्या ईमेलमध्ये लिहिणे चांगले: काय लागेल ते एका वाक्यात, वैद्यकीय तपशील न देता. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचे सरकारी ओळखपत्र) हाताशी असावे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने भेदभावाला मनाई आहे, हे त्यालाही ठाऊक असू द्या.